फास्ट बॉक्सचं वर्म

८ जानेवारी

बसला एकदाचा. सकाळपासून गाडीखाली उताणी पडून होते. आता मान वळत नाही आणि पाठीचा पार भुगा झालाय. पण स्टिअरिंगचा नवा बॉक्स बसला.

पुढे मलाच आठवायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग म्हणजे विहिरीचा रहाट. चाकं या टोकापासून त्या टोकाला न्यायची तर स्टिअरिंगला पाच फेरे मारावे लागतात. माझ्या फास्ट बॉक्समध्ये तीन. आतला वर्म, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असतो तो आट्यांचा रूळ, मी नव्याने कापून घेतलाय. आटे लांब लांब, म्हणून फेरे कमी. पण फेरे कमी झाले की स्टिअरिंग जड होतं, ते टळत नाही. किती जड चालेल, या एका गोष्टीपायी वर्षभर माझ्या नाकी नऊ आले.

खूळ मुळात बाबांचं. जन्मभर जुन्याच बॉक्सवर गाडी चालवली, कधी ब्र काढला नाही, आणि मागच्या वर्षी एकदम म्हणायला लागले, "हे सूत गुंडाळत बसणं नको आता. एका हाताच्या पल्ल्यात वळली पाहिजे गाडी." पंच्याहत्तरीत रेस लावायचीय वाटतं, असं मी टेलरमास्तरांना म्हटलं. ते हसले नाहीत. टेलरमास्तर म्हणजे माझे यजमान. माझ्या वर्कशॉपला लागूनच त्यांचं शिलाईचं दुकान आहे. माझं ग्रीस त्यांच्या कापडाला लागू नये म्हणून मधल्या भिंतीला दार नाही, नुसती खिडकी आहे. संसाराचं निम्मं बोलणं त्या खिडकीतून चालतं.

खूळ त्यांचं असलं तरी आता गळ्यात माझ्या आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांचा क्लब घाट चढणार आहे. बाबांची गाडी माझ्या बॉक्सवर घाट चढून गेली, की क्लबातल्या बाकीच्या गाड्यांचं काम मला मिळणार. सेक्रेटरींची अट एकच, गाडी बाबांनी चालवायची. "त्यांनी नाव ठेवलं नाही, तर आमची तक्रार नाही." बाबांनी नाव ठेवलं नाही अशी वस्तू अजून जगात तयार व्हायचीय.

९ जानेवारी

पहिली फेरी झाली. गावाबाहेरच्या गोदामांपर्यंत जाऊन आलो. मी डाव्या सीटवर. ती गाडी बाबा दुसऱ्या कुणाला चालवू देत नाहीत, मलाही नाही. बॉक्स करायला मी चालते.

"जरा जड आहे," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पण ठीक."

बाबांच्या तोंडून "ठीक" म्हणजे दुसऱ्याने हार घालण्यासारखं आहे. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी एवढी दमलेय की बरं वाटणंसुद्धा उद्यावर ढकललं.

एक गोष्ट खटकली. वळणावर बाबा गिअर बदलत नाहीत. इंजिन बिचारं तिसऱ्यात कण्हत होतं आणि हे ढिम्म. मी शिकत होते तेव्हा असं केलं असतं तर गाडीतून उतरवून चालत घरी पाठवलं असतं. मी बोलून दाखवलं. म्हणाले, "तू बॉक्सकडे बघ, गिअरचं मी बघतो."

परत आल्यावरही आतच बसून राहिले. मी हत्यारं आवरली, हात धुतले, चहा टाकून आले, तरी आतच. विचारलं तर म्हणे इंजिन थंड होताना ऐकतोय. म्हातारपणी माणसं दाढी वाढवतात, देवाला लागतात. आमच्याकडे दाढी वाढली आणि देवाच्या जागी इंजिन आलं.

२१ जानेवारी

दोन दिवस मावशीकडे होते. काही काम नव्हतं, नुसती झोपले. मावशी म्हणाली, माहेरी आल्यासारखी झोपलीस. म्हटलं, माझं माहेर वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहतं आणि सकाळी सहाला पान्ह्यांचा आवाज करतं.

घरी येऊन बघते तो टेलरमास्तरांच्या नखांत ग्रीस. ज्या माणसाला माझ्या पान्ह्याला हात लावायचा तर आधी रुमाल लागतो, त्याच्या नखांत. शिलाई मशीनला तेल घातलं म्हणाले. तेल आणि ग्रीस यातला फरक मला कळत नाही असं त्यांना वाटत असेल तर वाटो, वाद घालायला अंगात त्राण नाही.

बाबांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून त्यांनी टिच बटणं लावून दिलीत. दुकानात गिऱ्हाइकांची कामं पडलीत आणि सासऱ्याला फॅशन.

२४ जानेवारी

डोक्याला नवा ताप. आज फेरीत बघितलं, रस्ता सरळ, गाडी सरळ, पण बाबांच्या हातात स्टिअरिंग उजवीकडे कललेलं. उजवा आरा खाली, जवळपास मांडीकडे. कुणीही मेकॅनिक सांगेल, गाडी डावीकडे ओढतेय आणि चालवणारा तिला उजवीकडे धरून ठेवतोय.

"डावीकडे ओढतेय का हो?"

बाबांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. "हो. थोडी."

"मग आल्या आल्या सांगायचं ना."

"सांगतोय ना आता."

घरी येऊन बॉक्सही तपासला. स्टिअरिंगचे दोन्ही आरे आडवे केले आणि हलवून बघितलं, तर ढिलाई. पंधरा दिवसांत ढिला? हे बॉक्स मुद्दाम असे बनवलेले असतात की अगदी मध्यावर घट्ट आणि दोन्ही बाजूंना जरासे सैल. म्हणून वरचा स्क्रू आवळायचा तो मध्यावर आणूनच. नवशिके मध्य शोधायला फेरे मोजतात आणि निम्मे करतात. ते स्टिअरिंग मी स्वतःच्या हाताने सरळ बसवलंय, आरे आडवे झाले की मध्य. मला काय मोजायचंय. आवळून टाकला.

हॉर्नचं बटण काढून, स्टिअरिंग बसवताना मी ठोकलेली खालची खूणही बघणार होते. बाबा आडवे आले. "जुनी तार आहे, तुटेल. उगाच खाजवून खरूज काढू नको." सोडून दिलं.

३१ जानेवारी

टायरमधली हवा बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले, ब्रेक कुठे घासतोय का बघितलं. कुठे काही नाही. अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याने दोनदा मोजून सांगितलं, "ताई, गाडी दोरीत आहे. कुठेही ओढत नाही." म्हटलं, चालवणारा म्हणतो ओढते. तो म्हणाला, "मग चालवणाऱ्याचं अलाइनमेंट करा." बाबा शेजारी उभे होते. मला वाटलं आता याला फाडून खातील. पण नाही, मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

आणि स्टिअरिंग जड झालंय, ते तर मला डाव्या सीटवरून दिसतंय. बाबांच्या मानेच्या शिरा दिसतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत यायला हवं, तर ते मध्येच रेंगाळतं. वर्षभर खपून मी काय केलं, तर चांगल्या चालत्या गाडीचं मातेरं.

११ फेब्रुवारी

अक्षर लागलं नाही तर नाही.

बेकरीच्या कोपऱ्यावर डावं वळण घेतलं. समोर टेम्पो थांबला म्हणून बाबांनी डावा हात गिअरवर नेला. गाडी सरळ व्हायला हवी होती. स्टिअरिंग अडकल्यासारखं तिथेच राहिलं आणि गाडी डावीकडेच जात राहिली. फुटपाथवर एक बाई बाबागाडीचं छत वर करत होती. ती आमच्याकडे बघतही नव्हती. मी डाव्या बाजूने स्टिअरिंग धरून होती नव्हती ती ताकद लावून वर ढकललं. चाक फुटपाथच्या कडेला घासत गेलं आणि गाडी थांबली. बाईने मान वर केली, रागाने बघितलं आणि निघून गेली. बाबागाडी आणि आमचा बंपर यांच्यात हातभर जागा होती.

बाबांचा उजवा हात तसाच मांडीवर, आऱ्यावर टेकलेला. घाबरून गोठून गेले असणार. चेहरा पांढराफटक.

"बॉक्सची चूक नाही," म्हणाले.

माझी समजूत घालत होते. जन्मात कधी माझी समजूत घातली नाही आणि आज घातली, म्हणजे चूक केवढी असेल. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माझ्या हातच्या वस्तूमुळे एका लेकराचा जीव जाणार होता.

१२ फेब्रुवारी

ठरवलं. बॉक्स काढायचा, जुना परत लावायचा, सेक्रेटरींना फोन करून नाही सांगायचं. खिडकीतून टेलरमास्तरांना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"फोन एवढ्यात नको करूस."

"का? अजून कुणाला मारायचंय?"

कापडाला इस्त्री करत राहिले, एकाच जागी, मला वाटलं जाळतात आता.

बॉक्स काढून टेबलावर उघडला. वर्म आरशासारखा स्वच्छ. ओरखडा नाही, चुरा नाही. बेअरिंग फिरवून बघितलं, लोण्यासारखं. टेबलावर स्क्रू लावून मध्यावर बसवला तर करंगळीने फिरतोय. हा असा शहाण्यासारखा वागणारा बॉक्स गाडीत गेल्यावर अंगात आल्यासारखं का करतो? मी वर्म हातात घेऊन उजेडात फिरवत बसले.

"वर्म त्यात नाहीये," टेलरमास्तर खिडकीतून म्हणाले.

म्हटलं, तुम्ही कॉलर शिवा. तेव्हापासून जेवायला तिघं बसतो आणि भांड्यांचा आवाज ऐकतो.

१५ फेब्रुवारी

जुना बॉक्स लावायच्या आधी म्हटलं एकदा शेवटचं, नवशिक्यासारखं करू. नवाच बॉक्स पुन्हा बसवला. स्टिअरिंग एका टोकाला नेलं, दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले, निम्मे परत आले. झाला मध्य. मान वर करून बघितलं, तर आरे आडवे नाहीत. उजवा आरा खाली, मांडीकडे.

मग हॉर्नचं बटण काढलं. तार काही तुटली नाही. दांड्यावर मी पंचाने मारलेली खूण एकीकडे आणि स्टिअरिंगवरची दुसरीकडे. कुणीतरी स्टिअरिंग उपसून दांड्यावरचे तीन दाते सरकवून परत बसवलं होतं. म्हणजे गाडी कधी ओढतच नव्हती. आणि मी आरे आडवे बघून स्क्रू आवळला तो बॉक्सच्या मध्यावर नव्हे, सैल बाजूला. मग खरा मध्य आवळून निघणारच. सरळ रस्त्यावर जड, वळणानंतर अडकणारा. बॉक्स चांगला होता. अडकवला मी.

नखांतलं ग्रीस आठवलं. खिडकीशी गेले. बोलायच्या आधीच त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून गादीला खोचल्या, एकेक करून.

"खांद्यातली दोरी तुटलीय त्यांची," म्हणाले. "उजव्या. मागच्या वर्षीच. डॉक्टर म्हणाले, या वयात शिवण्यात अर्थ नाही. हात मांडीच्या वर जातच नाही फारसा. आरा खाली आणला तर सरळ रस्त्यावर तरी धरता येतं, म्हणून मला बसवायला लावलं. मला शपथ घातली होती गं."

टिच बटणं. दाढी. गाडीत बसून राहणं. वळणावर गिअर न बदलणं, कारण डावा हात सोडला तर स्टिअरिंग धरायला कुणी नाही. एका हाताच्या पल्ल्यात वळली पाहिजे. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी टायरमधली हवा बघत होते.

"सगळ्या जगाला सांगितलं, मला का नाही?"

"जगाला नाही, मला एकट्याला. तुला सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस. तुझ्या बॉक्सवर घाट त्यांना चढायचा होता."

मला इतका राग आला की त्यांचं मापाचं पुस्तक उचलून फेकलं. मग उचलून परत दिलं. राग धरायलाही माणूस जरा ताजातवाना लागतो.

१७ फेब्रुवारी

बॉक्स खऱ्या मध्यावर लावला. आता हवा तसा हलका आहे, आणि फिरून आपणहून परत येतो.

मग स्टिअरिंग सरळ करायला, ते उपसून काढायचा पुलर लावला. दहा मिनिटांचं काम. वाकडं स्टिअरिंग या वर्कशॉपातून आजवर बाहेर गेलेलं नाही, ही शिस्त बाबांचीच. पुलरचा स्क्रू आवळत आणला आणि हात थांबला. ते सरळ केलं तर बाबांच्या हाताला जागा राहणार नाही. पुलर काढून ठेवला. तीन दाते वाकडं ते वाकडंच राहू दे.

बाबा दाराशी उभे राहून बघत होते. कधीपासून, माहीत नाही. मी हॉर्नचं बटण परत बसवत होते.

"तार तुटली नाही?" म्हणाले.

"नाही."

"वाजतोय का बघ."

वाजवून दाखवला. बाबा मान हलवून आत गेले. मला जाऊन त्यांना धरावंसं वाटत होतं. पण हात ग्रीसने बरबटलेले आणि आमच्यात तशी रीतही नाही.

संध्याकाळी एवढंच म्हटलं, "घाटात मी चालवते." मला वाटलं घर डोक्यावर घेतील. म्हणाले, "सेक्रेटरी अट उकरून काढेल." म्हटलं, काढू दे. मग चावी त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवली, डाव्या हाताने.

३ मार्च

घाट चढून आलो. दमलेय, पण आज लिहिलं नाही तर कधीच लिहून होणार नाही.

मी चालवली. शेजारी सेक्रेटरी, मागे बाबा. निघायच्या आधीच सेक्रेटरी म्हणाले, "ठरलं होतं की तुमचे वडील चालवतील." मी म्हटलं, आज मी. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बसले. वळणामागून वळणं, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी. जिथे जुन्या बॉक्सला हातांची कुस्ती व्हायची तिथे मनगट वळवलं की काम झालं. मागून एक शब्द नाही. बाबा मागे बसून गप्प, म्हणजे मला सारखं आरशात बघावंसं वाटत होतं की आहेत ना.

वर माथ्यावर गाड्या थांबल्या. सेक्रेटरी उतरले, चष्मा पुसला.

"बॉक्स छान आहे. पण दोन गोष्टी. एक म्हणजे ते चालवत नाहीत. दुसरं, स्टिअरिंग वाकडं बसलंय. मी सगळा घाटभर बघत होतो. एवढी साधी गोष्ट?"

"ते तसंच राहणार आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते मी सांगणार नव्हते. बाबा चार पावलांवर उभे होते. वर्षभराचं काम हातचं जात होतं, ते मला स्वच्छ कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. हळूच म्हणाले, "ताई, घरच्या गाडीचं स्टिअरिंग असं, तर आम्ही आमच्या गाड्या कोणत्या भरवशावर द्यायच्या?"

बाबा पुढे आले.

"इकडे बघा," म्हणाले आणि उजवा हात उचलला. कमरेच्या जरा वर आला आणि थांबला. ओठ घट्ट मिटलेले. "एवढाच जातो. तो आरा जिथे आहे ना, तिथवर. म्हणून तो तिथे आहे. हिने दहा मिनिटांत सरळ केला असता. माझ्यासाठी केला नाही."

आजूबाजूच्या गाड्यांजवळचे दोघंतिघं वळून बघत होते. बाबांनी त्यांच्याकडेही बघितलं आणि हात तसाच धरून ठेवला, सगळ्यांना नीट दिसेल असा.

"आणि माझ्या मताची अट होती ना तुमची? बॉक्सला नाव ठेवायला जागा नाही. मी घाटभर शोधत होतो."

सेक्रेटरींनी चष्मा परत पुसला. पुढच्या आठवड्यात माझी गाडी आणून सोडतो, म्हणाले. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. तो त्यांनी अजून खाली घेतला नव्हता.

उतरताना मीच चालवली, या वेळी शेजारी बाबा; सेक्रेटरी दुसऱ्या गाडीतून गेले. खाली सपाट, मोकळा रस्ता लागला तसे बाबा म्हणाले, "थांबव. इकडे ये, डावीकडे." स्वतः स्टिअरिंगवर बसले. डावा हात वर, उजवा खाली आऱ्यावर. "क्लच मी दाबतो. गिअर तू."

असं कधी कुणी चालवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांनी क्लच दाबला की मी गिअर टाकायचा. पहिला खरखरला. दुसरा बरा पडला. मग इंजिनचा आवाज ऐकूनच कळायला लागलं.

"तिसरा," बाबा म्हणाले.

"टाकलाय कधीच."

सावकाश, सायकलवाले पुढे जात होते अशा वेगाने घरी आलो. टेलरमास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. बाबांनी गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. मी उतरले. सवयीने हत्यारांच्या पेटीकडे निघाले.

"दार उघड गं," बाबा मागून म्हणाले. "माझ्याच्याने हँडल ओढवत नाही."

मी गाडीला वळसा घालून गेले आणि दार उघडलं.